पळायला सुरुवात करण्यापूर्वी : पुण्यातील नव्या धावपटूंनी हृदयाची काळजी कशी घ्यावी

पावसाळा सरला की पुण्याच्या टेकड्यांवर आणि मैदानांवर पळणाऱ्यांची गर्दी वाढू लागते. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनची परंपरा १९८३ पासूनची आहे, त्यामुळे सकाळी रस्त्यावर पळणारा माणूस या शहराला नवा नाही. नवे आहेत ते चाळिशीत किंवा पन्नाशीत पहिल्यांदाच पळायचे बूट घेणारे लोक आणि शाळेनंतर थेट नोकरीच्या वयात मैदानावर परतणारे तरुण. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. धडधाकट दिसणारा एखादा माणूस व्यायाम करताना कोसळल्याची बातमी आली की काही जण घाबरून पळणे सोडून देतात, तर काही जण आपल्याला काही होणार नाही असे गृहीत धरून तयारीविनाच पळू लागतात. माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत.

प्रथम धोका नेमका किती आहे ते पाहू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा शर्यतीच्या वेळी हृदय बंद पडल्याच्या ५९ घटना आढळल्या आणि त्यांपैकी ४२ जण दगावले. म्हणजे साधारण १ लाख ८४ हजार धावपटूंमागे एक घटना. हे प्रमाण अत्यल्प आहे आणि नियमित व्यायामाने होणारा लाभ त्याहून कितीतरी मोठा आहे. मात्र ज्यांच्या बाबतीत असे घडते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हृदयात आधीपासून दोष किंवा आजार असतो. पळण्याच्या ताणाने तो उघडा पडतो, इतकेच. म्हणून हा दडलेला आजार शोधण्याचा प्रयत्न करणे आणि तरीही कोणी कोसळलाच तर त्याला वाचवता येणे, अशी दुहेरी तयारी करावी लागते. या तयारीत सर्वांत मोलाच्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात : आपल्या घराण्याची खरी माहिती आणि छाती दाबता येणारे सोबती. तपासण्या आवश्यक आहेतच, पण त्यांचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे.

दोन वेगळ्या घटना, दोन वेगळी वये

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक बंद पडणे या दोन गोष्टी बोलताना एकच समजल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी अडते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, त्याच्या छातीत दुखते, घाम फुटतो. हृदय बंद पडते तेव्हा त्याच्या विद्युत लयीत बिघाड होतो, हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. झटक्यामुळे हृदय बंद पडू शकते, परंतु धमन्या स्वच्छ असतानाही ते बंद पडू शकते.

साधारण पस्तिशीच्या आतील खेळाडूंमध्ये मुख्य कारणे जन्मजात किंवा आनुवंशिक असतात. हृदयाचा स्नायू अवाजवी जाड होणे, हृदयाच्या धमनीचा उगम चुकीच्या जागी असणे, विद्युत लयीचे दोष आणि विषाणुसंसर्गानंतर हृदयस्नायूला येणारी सूज ही त्यांतील प्रमुख होत. स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार सुमारे ५०० लोकांमागे एकाला असतो. २००३ साली ल्याँ येथे सामना चालू असताना मृत्यू पावलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो याच्या शवविच्छेदनात हाच आजार आढळला होता. पस्तिशीनंतर मात्र धमन्यांतील चरबीचे थर हे सर्वांत मोठे कारण ठरते. आपल्या लोकांमध्ये हा आजार पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी वयात गाठतो, हे चाळिशीत पळायला लागणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

पहिली पायरी : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे

ही पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. डॉक्टर विचारतात, घरात कोणाला हृदयविकार आहे का. आपण सवयीने नाही म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात आपल्याला माहिती नसते, कारण आपल्या घरांत मृत्यूविषयी बोलताना कारण सांगण्यापेक्षा ते झाकण्याकडेच कल असतो. ‘काका बसल्या जागी गेले’, ‘मामा झोपेतच गेला’, ‘तिला लहानपणापासून फिट यायची’, ‘तो पट्टीचा पोहणारा होता, तरी विहिरीत बुडाला’ अशी वाक्ये आपण लग्नकार्यात आणि दिवसकार्याला ऐकलेली असतात, पण त्यांना वैद्यकीय माहितीचा दर्जा देत नाही. वास्तविक या प्रत्येक वाक्यामागे आनुवंशिक हृदयदोष असू शकतो. विद्युत लयीच्या काही दोषांत माणूस परिश्रम करताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध होतो, हातपाय झाडतो आणि त्याला अपस्माराचे औषध चालू केले जाते. त्यांपैकी एका प्रकारात पोहताना हृदय बंद पडण्याचा धोका विशेष असतो.

म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशी आई, वडील, आत्या, मावशी, जमल्यास आजी यांच्याजवळ निवांत बसावे आणि वही घेऊन दोन्ही बाजूंची माहिती उतरवून घ्यावी. ‘आत्या, आजोबा नेमके कसे गेले? तेव्हा ते किती वर्षांचे होते? आधी कधी चक्कर येत होती का?’ असे थेट विचारावे. ‘म्हातारपणाने गेले’ असे उत्तर आले तर वय काढून घ्यावे. पुष्कळदा ते अठ्ठेचाळीस-पन्नास निघते आणि सांगणाऱ्यालाही तेव्हाच जाणवते की ते म्हातारपण नव्हते. पन्नाशीच्या आतील अचानक मृत्यू, कारण न कळलेले बेशुद्ध पडणे, अपस्मार म्हणून उपचार झालेली माणसे, पेसमेकर बसवलेले नातेवाईक, तसेच पंचावन्नच्या आतील पुरुषाला किंवा पासष्टच्या आतील स्त्रीला आलेला झटका अथवा झालेली अ‍ॅन्जिओप्लास्टी यांची स्पष्ट नोंद करावी. अनेक आनुवंशिक दोष आई किंवा वडिलांकडून अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते, त्यामुळे अशी एक नोंददेखील पुढील तपासणीची दिशा बदलते. ही वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.

दुसरी पायरी : साधी मोजमापे

रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी), कोलेस्टेरॉलचा संपूर्ण तक्ता आणि कमरेचा घेर एवढे आधी करून घ्यावे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार येत असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वेगाचा व्यायाम सुरू करू नये. एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असणे हे मधुमेहाचे लक्षण मानले जाते. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घरात कमी वयात झटके आलेले असतील तर लायपोप्रोटीन-ए (रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही चाचणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तिचे प्रमाण मुख्यतः जन्मतःच ठरलेले असते आणि आपल्याकडे ते अनेकांत वाढलेले आढळते. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांपैकी काहीही चालू असेल तर बुटांच्या आधी ते सुटले पाहिजे.

तिसरी पायरी : डॉक्टर, ईसीजी आणि पुढच्या तपासण्या

वयाची पस्तिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि ज्यांच्या वहीत काही संशयास्पद नोंद झाली आहे अशा सर्वांनी पळायला लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. स्टेथोस्कोपने नीट केलेली तपासणी आणि साधा बारा लीडचा ईसीजी यांपासून सुरुवात होते. ईसीजी स्वस्त आहे, सर्वत्र उपलब्ध आहे आणि जाड झालेला स्नायू किंवा लयीचा दोष त्यात पुष्कळदा दिसतो. मात्र धमनीचा चुकलेला उगम त्यात सहसा दिसत नाही, आणि विश्रांतीच्या वेळचा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धमन्या मोकळ्या आहेत असे सिद्ध होत नाही. ईसीजीत किंवा तपासणीत शंका आल्यास टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात, त्यात स्नायूची जाडी आणि झडपा प्रत्यक्ष दिसतात. वय आणि धोक्याची कारणे पाहून डॉक्टर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, सांगतात. तीत रक्तप्रवाह अडवणारे मोठे अडथळे लक्षात येतात, परंतु धमनीतला लहान पण ठिसूळ थर सुटू शकतो. कालपरवा ‘स्ट्रेस टेस्ट नॉर्मल’ आलेल्या माणसाला झटका कसा आला, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. अशा वेळी धमन्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन काही जणांच्या बाबतीत अधिक माहिती देतो, पण तो कोणी करावा हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. पॅकेज स्वस्त मिळते म्हणून सर्व चाचण्या एकदम करून घेण्याला माझा विरोध आहे, कारण विनाकारण केलेल्या तपासणीत निघालेली क्षुल्लक गोष्ट माणसाला महिनोन्‌महिने घाबरवून ठेवते.

याउलट, वर्षानुवर्षे पळणाऱ्यांच्या हृदयात जे बदल होतात ते आजार नव्हेत. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला ४०-५० असणे आणि हृदयाचे कप्पे थोडे मोठे होणे हे बदल सरावाचे फलित असतात. नव्याने पळू लागलेल्याची नाडी मात्र इतकी कमी असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी.

तपासण्यांचा उपयोग होतो याचा सर्वांत भक्कम पुरावा इटलीतून आला. तिथे १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे, आणि व्हेनेतो प्रांतात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचे प्रमाण पुढील दोन दशकांत ८९ टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. तरीही तपासणी हे अभयपत्र नव्हे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन २०२१ साली इटलीतील इंटर मिलान संघाकडून खेळत होता. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे फिनलंडविरुद्धच्या सामन्यात पहिल्या सत्राच्या अखेरीस तो चेंडू घ्यायला पुढे आला आणि कोसळला. तो वाचला, कारण मैदानावरच छाती दाबण्यास सुरुवात झाली आणि विद्युत झटका देणारे यंत्र हाताशी होते. पुढे त्याच्या शरीरात लय बिघडताच आपोआप झटका देणारे उपकरण बसवण्यात आले, इटलीच्या नियमांत ते बसत नसल्याने तो इंग्लंडला गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा खेळू लागला.

चौथी पायरी : हळूहळू वाढवणे

हृदयाला आणि धमन्यांना ताणाची सवय लागायला महिने लागतात, आठवडे नव्हेत. अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांच्या एका मोठ्या अभ्यासात जोरकस परिश्रमाच्या सुमारे १५ लाख प्रसंगांमागे एक अचानक मृत्यू आढळला, आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये परिश्रमामुळे वाढणारा धोका बराच कमी होता. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम सिंहगड घड्याळ लावून चढणे हा त्यामुळेच सर्वांत वाईट प्रकार होय. आतकरवाडीच्या वाटेने गड चढायला हरकत नाही, परंतु आधी दोन-तीन महिने आठवड्यातून चार-पाच दिवस सपाटीवर चालणे झालेले असावे.

पहिले चार आठवडे अर्धा तास भरभर चालावे. त्यानंतर एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून करावे आणि पळण्याचा भाग हळूहळू वाढवावा. बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला आहे. २२० मधून वय वजा करून काढलेला नाडीचा आकडा ढोबळ असतो, आणि रक्तदाबासाठी नाडी मंदावणारे बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर त्या आकड्याचा उपयोगच नाही. प्रगती पाहायची असेल तर पर्वती हे उत्तम ठिकाण आहे. तिथल्या १०३ पायऱ्या एकाच सवयीच्या वेगाने चढाव्यात आणि वर पोचल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते दर महिन्याला नोंदवावे. हा वेळ कमी होत गेला पाहिजे. नीट झोप, आहार आणि सराव असूनही तो वाढू लागला, म्हणजे मागच्या महिन्यात सहज चढलेल्या पायऱ्यांवर आता थांबावे लागत असेल, तर ते थेट डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे.

शर्यतीत हृदय बंद पडण्याच्या घटना अंतराच्या अखेरच्या टप्प्यात अधिक घडतात. त्यामुळे शेवटची रेषा दिसताच जीव खाऊन धावणे नव्या धावपटूने टाळावे, आणि रेषा ओलांडल्यावर एकदम न थांबता पाच-दहा मिनिटे चालत राहावे.

पाचवी पायरी : शरीराची सूचना ओळखणे

चालताना किंवा पळताना छातीत दडपण येणे आणि थांबल्यावर ते जाणे, ही वेदना जबडा, खांदा, डावा हात किंवा पाठीत पसरणे, नेहमीच्या परिश्रमात अवाजवी धाप लागणे, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी धडधड, आणि पळत असताना डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा बेशुद्ध पडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच क्षणी थांबावे आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा पळू नये. पळून झाल्यावर उभे असताना चक्कर येणे बहुधा रक्तदाब घटल्याने होते, पण ऐन पळताना शुद्ध हरपणे नेहमीच गंभीर समजावे. स्त्रियांमध्ये पुष्कळदा छातीत दुखण्याऐवजी असह्य थकवा, मळमळ आणि धाप एवढेच जाणवते.

आपल्याकडे यातले निम्मे त्रास पित्ताच्या नावावर खपतात. ‘काल मिसळ जास्त झाली’ असे म्हणून माणूस अँटासिड घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेकडीवर जातो. पित्ताचे दुखणे जेवणाशी जोडलेले असते. जे दुखणे चढावर येते आणि थांबल्यावर जाते, ते पित्त समजून सोडून देऊ नये. छातीत दुखत असताना दुचाकी चालवत दवाखाना गाठणे किंवा कोणाच्या मागे बसून जाणे जिवावर बेतू शकते. १०८ ला फोन करावा.

पळू नये असे दिवसही ठरवून ठेवावेत. अंगात ताप, कणकण किंवा अंगदुखी असेल तर पूर्ण विश्रांती घ्यावी, कारण विषाणूने हृदयस्नायूला सूज आलेली असल्यास परिश्रमाने लय बिघडू शकते. अशी सूज निश्चित झाल्यास तीन ते सहा महिने व्यायाम बंद ठेवावा लागतो. रात्रभर जागरण किंवा मद्यपान झाले असेल तर सकाळी फक्त चालावे. व्यायामापूर्वी घेण्याच्या उत्तेजक पावडरी नव्या माणसाने घेऊ नयेत, आणि जिममध्ये कोणी स्टेरॉइड सुचवले तर तिथून निघून यावे, इतकी ही गोष्ट हृदयाला घातक आहे.

सहावी पायरी : सोबत्यांसह सीपीआर शिकणे

सुरुवातीच्या काळात एकट्याने पळू नये. ज्या गटासोबत पळता, त्यातील प्रत्येकाने सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचे, प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले पाहिजे असा आग्रह धरावा. हृदय बंद पडल्यावर मदत न मिळाल्यास प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पहिली काही मिनिटे शेजारी पळणाऱ्याच्याच हातात असतात.

सोबती कोसळला तर खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी आणि दहा सेकंदांच्या आत छाती हलते का ते पाहावे. इथे एक फसवी गोष्ट घडते. हृदय बंद पडल्यावर काही जण हातपाय झाडतात आणि मधूनमधून तोंड उघडून घोरल्यासारखा आचका देतात. बघणाऱ्यांना वाटते की श्वास चालू आहे, फिट आली आहे. कोणी कांदा शोधते, कोणी चप्पल हुंगवते, कोणी तोंडात पाणी ओतते, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नाही आणि नियमित श्वास नाही, एवढे दिसताच हृदय बंद पडले आहे असे समजावे.

एकाने १०८ ला फोन करून स्पीकर चालू ठेवावा, आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी. माणसाला कडक जमिनीवर उताणे ठेवावे, छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या निम्म्या भागावर एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवावा, कोपरे ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. गती मिनिटाला १०० ते १२० असावी. नीट दाबणारा माणूस दोन मिनिटांत थकतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलावेत आणि बदलताना खंड पडू देऊ नये. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल तर नुसते दाबत राहिले तरी चालते. बरगडी मोडेल या भीतीने हलके दाबू नये. जोरजोरात खोकून आपले बंद पडणारे हृदय आपणच सुरू ठेवावे, असा जो संदेश मोबाइलवर फिरतो, त्याच्यावर विसंबू नये.

टेकडीवर आणखी एक अडचण असते. वेताळ टेकडीवर कोणी कोसळला आणि फोनवर केवळ ‘टेकडीवर आहोत’ असे सांगितले, तर रुग्णवाहिकेला पंचवटीच्या बाजूने यायचे, एआरएआयच्या रस्त्याने की विधी महाविद्यालयाच्या मागून, हे कळत नाही. पळायला निघण्यापूर्वीच गटाने आपले प्रवेशद्वार ठरवावे, प्रसंगी एकाला तिथे धावत पाठवून गाडीला वाट दाखवायला उभे करावे. शर्यतीत भाग घेताना नावनोंदणीच्या वेळी आयोजकांना विचारावे की मार्गावर एईडी यंत्रे (बंद पडलेल्या हृदयाला विद्युत झटका देणारी यंत्रे) कुठे आहेत आणि ती चालवणारी माणसे कोण आहेत. समाधानकारक उत्तर न देणाऱ्या शर्यतीत नव्या माणसाने पळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या क्रमांकाच्या कापडाच्या मागे नाव, घरच्यांचा फोन, चालू औषधे आणि आजार लिहून ठेवावेत.

एईडी यंत्र मिळताच ते सुरू करावे. पुढे काय करायचे ते यंत्रच बोलून सांगते. घामाने भिजलेली छाती आधी कोरडी पुसावी आणि चित्रात दाखवल्याप्रमाणे दोन पट्ट्या चिकटवाव्यात, एक उजव्या खांद्याखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली. यंत्र लय तपासत असताना आणि झटका देताना कोणीही त्या माणसाला स्पर्श करू नये. गरज नसेल तर यंत्र झटका देत नाही, त्यामुळे चुकीचा झटका बसेल अशी भीती बाळगू नये. झटका दिल्यानंतर लगेच पुन्हा छाती दाबू लागावे आणि माणूस हलेपर्यंत, नीट श्वास घेईपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतील डॉक्टर ताबा घेईपर्यंत थांबू नये. डॉक्टर आल्यावर तो किती वाजता कोसळला, दाबणे केव्हा सुरू झाले आणि किती झटके दिले, एवढे त्यांना सांगावे आणि घरच्यांचा फोन नंबर त्यांच्या हाती द्यावा.